नाणी, संग्रह आणि सत्संगती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)





या व्याख्यानमालेत आजवर विद्वानांची आणि तज्ज्ञांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीत मजसारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला बसविण्याचे धाडस विश्वस्तांनी केले, याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांची काळजी करावी, हे मला समजेनासे झाले आहे. माझे शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे. त्यानंतरची हयात रविवार पेठेतल्या गादीवर तागे उलगडण्यात आणि गुंडाळण्यात गेली. 'विषय तुमच्या आवडीचा घ्या' असे मला सांगण्यात आले आणि मी 'नाणी' हा शब्द उच्चारताच एक विश्वस्त हसून म्हणाले, "व्यापाऱ्याला दुसरे काय आवडणार!" त्यांचे हसणे रास्त होते. परंतु मला ज्या नाण्यांविषयी बोलावयाचे आहे, ती आज बाजारात नेली तर पावशेर साखरही मिळणार नाही. आणि खरे सांगावयाचे तर नाण्यांपेक्षाही ती नाणी एकत्र बसून पाहणाऱ्या माणसांविषयी, म्हणजे आपल्या शहरातील नाणेसंग्राहकांच्या मंडळांविषयी, मला अधिक सांगावयाचे आहे. अशा मंडळात आपण का जावे याचे कारण मी एका जुन्या चुकीपासून सांगतो. चूक माझ्याच घरची आहे, म्हणून ती निःसंकोचपणे सांगता येते.

१९८० सालच्या जानेवारीत जगभर चांदीचे भाव असे काही उसळले की ज्याच्या त्याच्या तोंडी चांदीवाचून दुसरा विषय नव्हता. आमच्या घरी त्याच सुमारास थोरल्या बहिणीचे लग्न ठरलेले होते. माझ्या आजोबांना आम्ही बासा म्हणत असू. त्यांच्या तिजोरीत जाड मांजरपाटाची एक थैली होती आणि तीत दीडशेहून अधिक चांदीचे रुपये होते. बासांना जाऊन चार वर्षे लोटली होती. वडिलांनी ती थैली माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "भाव चांगला आहे. आटवून टाक." मी तेव्हा कॉलेजात होतो. असे जबाबदारीचे काम प्रथमच मिळाल्याने मी मोठ्या रुबाबात निघालो.

आटणीवाल्याने थैली पालथी केली आणि रुपयांचे दोन ढीग केले. एका ढिगात राणीछाप आणि राजाछाप, गोल, सुबक रुपये. दुसऱ्या ढिगात तीसेक जाड, वेडीवाकडी, गुळगुळीत झालेली नाणी. त्यांवर फारसी अक्षरांचे तुकडे दिसत होते. ती 'गावठी' असल्याने त्यांना तोळ्यामागे भाव कमी पडेल, असे तो म्हणाला. मी घासाघीस केली, भाव थोडा वाढवून घेतला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दोन्ही ढीग आळीपाळीने मुशीत गेले. बहिणीचे लग्न उत्तम झाले. त्या रुपयांविषयी घरात पुन्हा कोणी शब्द काढला नाही, कारण आपण काही गमावले आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

एकच रुपया वाचला. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आमच्याकडे चांदीच्या वाटीत एक जुना रुपया ठेवण्याची रीत आहे. तो पूजेच्या डब्यात असल्याने थैलीत गेला नव्हता. दर वर्षी आई तो चिंचेने घासून लख्ख करी. (चिंच, राख आणि पितांबरी या तीन गोष्टींनी महाराष्ट्रातील जेवढी नाणी गुळगुळीत केली असतील तेवढी काळानेही केली नसतील. जुने नाणे कधीही घासू नये, हा या भाषणातील पहिला व्यावहारिक उपदेश. भगिनींनी क्षमा करावी.)

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी एका वहीपूजनाला आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त शाळामास्तर, दुकानी आले होते. त्यांची नजर वाटीकडे गेली. "शेठ, हा रुपया कुठला?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "बासांचा." ते म्हणाले, "बासांचा खरा, पण त्यांच्या आधी कुणाचा?" मला उत्तर देता येईना. दुसऱ्या रविवारी ते मला नाणेसंग्राहकांच्या एका बैठकीला घेऊन गेले.

ती बैठक म्हणजे एका घराच्या दिवाणखान्यात बसलेली दहा-बारा माणसे. त्यांत एक बँकेतले कारकून होते, एक डॉक्टर होते, एक रिक्षाचालक होते आणि शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता. प्रत्येकापुढे छोटी छोटी कागदी पाकिटे. माझा रुपया हातोहात फिरला. भिंगाखाली धरून एकाने मला त्यावरची एक आकडेवजा खूण दाखविली आणि म्हणाले, "हा अंकुश. हत्तीला आवरण्याचा. हा अंकुशी रुपया, आपल्या पुण्याच्या टाकसाळीचा." आमच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजला गेलेला रुपया पेशवाईतल्या पुण्याचा होता! त्यावरची अक्षरे मात्र फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे. अटकेपर्यंत घोडे नेणाऱ्या मराठ्यांनी रुपया पाडताना बादशहाचेच नाव चालू ठेवले, कारण सराफाच्या पेढीवर त्या नावाची पत होती. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. छाप बदलली की गिऱ्हाईक बिथरते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी कंपनी सरकारने हा अंकुशी रुपया आणखी काही वर्षे पाडणे चालूच ठेवले. १८३५ मध्ये साऱ्या कंपनी मुलखासाठी १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, एकसारखा रुपया आला आणि मग हे जुने स्थानिक रुपये हळूहळू मागे पडले. त्या आटणीवाल्याच्या दुकानात जी तीसेक 'गावठी' नाणी होती, ती याच जातीची होती, हे त्या दिवाणखान्यात बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले. घशाशी आवंढा आला.

पण त्या बैठकीतील खरी गोष्ट पुढेच आहे. माझ्या रुपयावर मजकुराचा अर्धाच भाग उमटलेला होता. मला वाटले, उरलेला झिजून गेला असेल. तेव्हा मला सांगण्यात आले की हाताने पाडलेल्या त्या काळच्या नाण्यांत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असे. हातोडा बसे त्याप्रमाणे ठशाचा कधी डावा भाग उमटे, कधी उजवा, कधी वरचा. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा मिळत नाही. मग बँकेतल्या गृहस्थांनी आपल्या पाकिटातून दुसरा अंकुशी रुपया काढला, डॉक्टरांनी तिसरा, आणि ते तिन्ही मेजावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर टाकसाळीचे नाव होते, एकावर बादशहाच्या नावाचा भाग, माझ्यावर अंकुश आणि काही अक्षरे. तीन घरांचे तीन रुपये एकत्र आले तेव्हा एक रुपया वाचता आला. त्या दिवशी मी मंडळाचा झालो तो आजतागायत आहे.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात येईल की हे सारे इतिहासप्रेमी लोकांचे खूळ, आपल्या समाजाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो सातशे वर्षांचा आहे. देरासराच्या बांधकामाच्या वेळी 'वास्तुसार' या ग्रंथाचे नाव आपण ऐकले असेल. त्याचे कर्ते ठक्कर फेरू. हे श्रीमाळ जैन श्रावक दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात राजसेवेत होते आणि टाकसाळीच्या कामाचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. १३१८ साली त्यांनी 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ रचला. सोने-चांदी शुद्ध कशी करावी, मिश्र धातूचा कस कसा काढावा, आणि देशोदेशीच्या कोणत्या नाण्यात किती शुद्ध धातू आहे, त्याचा भाव काय, हे सारे त्यांनी सुमारे दीडशे प्राकृत-अपभ्रंश गाथांत सांगितले आहे. दोनशेहून अधिक प्रकारची नाणी त्यात येतात. मध्ययुगीन भारतात नाण्यांवर लिहिलेला असा दुसरा ग्रंथ नाही. हा ग्रंथ कित्येक शतके पोथीतच झाकलेला होता. अगरचंदजी आणि भंवरलालजी नाहटा यांना त्याची पोथी कोलकात्यात सापडली आणि १९६१ साली मुनी जिनविजयजींच्या संपादनाखाली तो छापून झाला. फेरूंनी हा ग्रंथ कोणासाठी लिहिला? आपल्या भावासाठी आणि मुलासाठी. सुलतानासाठी नव्हे. घरातल्या माणसाला नाण्याची पारख यावी म्हणून. माझ्या बासांनी त्या थैलीबरोबर एक चिठ्ठी जरी ठेवली असती!

आणखी एक दाखला आपल्या रोजच्या श्रवणातला. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते. त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांत लक्ष्मीचे जे वर्णन येते त्यात तिच्या गळ्यात दीनारांची माळ आहे. दर वर्षी आपण हे ऐकतो आणि पुढे जातो. मीही तसाच पुढे जात होतो. मंडळातील एका सदस्याने सांगितले की दीनार हा शब्द मूळचा रोमन, 'दिनारियस' या नाण्याचा, आणि व्यापाराच्या वाटेने तो भारतात आला. त्यानंतरच्या पर्युषणात ते वाक्य कानी पडले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भडोचचे बंदर उभे राहिले, जहाजे उभी राहिली.

भडोचचा विषय निघाला म्हणून सांगतो. आवश्यकसूत्रावरील निर्युक्तीच्या परंपरेत एक कथा आहे. भरुकच्छाचा राजा नहवाण कोशाने समृद्ध होता आणि प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सालवाहन सैन्याने समृद्ध. सालवाहन दर वर्षी भरुकच्छाला वेढा घाली आणि हात हलवीत परत जाई, कारण नहवाण शत्रूचे शिर आणणाऱ्याला भरपूर धन देई. शेवटी सालवाहनाचा मंत्री रुसून आल्याचे सोंग करून नहवाणाकडे गेला आणि त्याने त्याचा सारा कोश धर्मकृत्यांत खर्च करविला. कोश रिता झाला, भरुकच्छ पडले. कित्येकांना ही केवळ दंतकथा वाटत असे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी! ती क्षत्रप राजा नहपान याची होती. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. आणि त्यांपैकी ९,२०० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा खजिना आपल्या नावाने चलनात आणला, याचा याहून बोलका पुरावा कोणता? नहपानाच्या कोशाची आख्यायिका आपल्या आचार्यांनी जपली आणि त्या कोशाच्या समृद्धीची साक्ष जोगळटेंभीच्या मातीने दिली. परंतु ही साक्ष मिळाली ती तो साठा अभ्यासकांच्या हाती एकत्र आला म्हणून. तोच साठा माझ्यासारख्या हुशार पोराच्या हाती पडला असता तर चांगला भाव घेऊन त्याने तो मुशीत घातला असता.

असो. आता थोडे व्यवहाराचे. मंडळात जाण्याचा सर्वांत रोकडा लाभ म्हणजे फसवणुकीपासून बचाव. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. सहावा जॉर्ज या राजाचा १९३८ चा चांदीचा रुपया सहज मिळतो, पण १९३९ चा अत्यंत दुर्मीळ आहे. पुढे १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली. मंडळात शिरून वर्षही झाले नव्हते तेव्हा एका विक्रेत्याकडे मला १९३९ चा रुपया दिसला. स्वस्तात मिळतो आहे, कोणाला बोललो तर दुसरा कोणी उचलील, या लोभाने मी गुपचूप घेतला आणि मोठ्या दिमाखाने बैठकीत काढला. शाळेच्या गणवेशातल्या त्या मुलाने भिंग लावले आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, "काका, आठाचा नऊ केलाय." कोरून, घासून आठाचा नऊ केलेला होता. कापडात मला कोणी मिश्र सूत शुद्ध सुती म्हणून देऊ शकणार नाही, बोटांनाच ते कळते. पण नाण्याच्या बाबतीत माझी बोटे अजून कच्ची होती, आणि ज्यांची पक्की होती त्यांना मी विचारले नव्हते. तो रुपया मी आजही जपून ठेवला आहे. मंडळात नवे सदस्य आले की प्रथम तोच दाखवितो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ साल घातलेली आणि राम, हनुमान अशा देवतांची चित्रे असलेली तांब्याची 'नाणी' आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. श्रद्धेने ठेवावयाची असतील तर अवश्य ठेवावीत, पण कंपनी सरकारने अशी नाणी कधीच पाडली नव्हती. ती अलीकडची बनावट आहे. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी थोडे शुल्क भरा, असे सांगणारे दूरध्वनीही सर्रास येतात. आमच्या नात्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी असे 'शुल्क' तीन वेळा भरले आणि चौथ्या वेळी मला विचारले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून स्पष्ट केले होते की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी बँक कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तरीही माणसे फसतात, कारण विचारावे असे कोणी जवळ नसते.

जुने म्हणजे मौल्यवान, हाही एक भ्रम. दोन हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे नाणे शे-दोनशे रुपयांत मिळू शकते आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा रुपया त्याच्या शंभरपट जाऊ शकतो. किती उरले, कोणत्या स्थितीत उरले आणि किती जणांना हवे, यावर ते ठरते. श्री राजा शिव छत्रपति अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई आपल्या भागात कितीतरी घरांत निघते, कारण शिवछत्रपतींनंतरही ती दीर्घकाळ पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही चलनात राहिली. पण शिवछत्रपतींचा सोन्याचा होन निघाला असे कोणी म्हणाले, तर आधी हात खिशावर ठेवावा आणि मग मंडळात यावे.

कायद्याचीही माहिती असावी. घराचा पाया खणताना किंवा शेतात पुरलेले धन सापडले तर १८७८ च्या निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. ते लपविणे गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्यावाचून परदेशी नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलाला आजोबांची आठवण म्हणून सामानात चार मोहरा टाकून देणाऱ्या मातापित्यांना हे ठाऊक नसते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तो टाळून या सभागृहात नाण्यांविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाणी जमविणे हा परिग्रह नव्हे काय?

आहे. नवविध परिग्रहांत हिरण्य आहे, सुवर्ण आहे, धन आहे आणि इतर धातूंचे कुप्यही आहे. माझा संग्रह या चारही घरांत बसतो. काही वर्षांपूर्वी चातुर्मासात मी साध्वीजी महाराजांकडे परिग्रह-परिमाणाचा नियम घेण्यास गेलो. घर, दुकान, सोने, सारे आकडे लिहून नेले होते. शेवटी मी चाचरत म्हणालो, "महाराज, थोडी जुनी नाणी आहेत, छंद म्हणून." त्यांनी विचारले, "किती?" मी म्हणालो, "मोजलेली नाहीत." त्या एवढेच म्हणाल्या, "मोजून या."

मी घरी येऊन मोजली. अकराशे बेचाळीस भरली. बी. कॉम. झालेल्या माणसाला आपल्याजवळ काय किती आहे हे ठाऊक नसावे, याची मला त्या रात्री भारी खंत वाटली. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, अशी केली आहे, वस्तूंची संख्या अशी नव्हे, हा बचाव माझ्या मनात तयार होता. पण तो वकिली बचाव होता. त्या पाकिटांपैकी कितीतरी मी वर्षानुवर्षे उघडलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पाचशेची मर्यादा घेतली.

उरलेल्या सहाशे बेचाळीस नाण्यांचे काय करावे? मंडळ नसते तर मी ती तराजूवर विकली असती, म्हणजे १९८० ची चूक धर्माच्या नावाने पुन्हा केली असती. मंडळामुळे प्रत्येक नाणे योग्य जागी गेले. दुबार असलेली नवीन मुलांना गेली. एक सदस्य केवळ क्षत्रपांची नाणी अभ्यासतात, माझी क्षत्रप नाणी त्यांना दिली. काही एका शाळेत लावली. त्यात दोन वर्षे गेली आणि आजही पाचशेच्या वर एक नाणे आले की एक बाहेर जाते. एकट्याने जमविणाऱ्याचा ढीग वाढतच जातो, कारण ते देण्याजोगे माणूस त्याच्या ओळखीचे नसते. मी हा छंद निर्दोष आहे असे म्हणत नाही. चार माणसांत बसल्याने त्याला लगाम बसला, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

राहिलेल्या पाचशेंची मी एक वही केली आहे. दुकानाच्या जमाखर्चासारखी. नाणे कोणते, वजन किती, कोठून आले, किती दिले, आणि त्याविषयी कोणी काय सांगितले. माझ्यानंतर ती नाणी कोणाकडे जावीत हेही त्यात लिहिले आहे, कारण एका थोर संग्राहकाच्या निधनानंतर त्यांच्या मुलांनी पाकिटांवरच्या नोंदी फेकून नाणी किलोवर दिल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलांना दोष कसा द्यावा? त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या सूनबाईंना प्रथम या छंदाचा कंटाळा असे. वहीतल्या नोंदी करता करता त्यांना लिपींची गोडी लागली आणि त्या मोडी शिकल्या. आता माझे वाचन चुकले तर त्या सुधारतात आणि मी ते निमूटपणे मान्य करतो.

पुण्यात या वाटेने जाणाऱ्यास सोबतीची वाण नाही. इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स असे लांबलचक नाव असलेली संस्था आपल्या पुण्याचीच आहे. 'कॉइनेक्स पुणे' हे तिचे प्रदर्शन देशभरातील संग्राहकांना येथे आणते. खरेदी न करता नुसते हिंडले तरी दिवस सार्थकी लागतो. सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. योगायोग असा की भारतीय मुद्रा परिषद, म्हणजे न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया, हीसुद्धा त्याच वर्षी अलाहाबादेत सुरू झाली. नाशिकजवळ अंजनेरीस नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आहे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर असल्याने सहलीत सहज पाहता येते. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय २००४ साली उघडले. मुलांना एकदा अवश्य न्यावे. जुन्या बाजारात मात्र पहिल्या वेळी एकट्याने जाऊ नये. का, ते वर सांगितलेच आहे.

विश्वस्त मंडळींपुढे मी एक विनंती ठेवतो. आपल्या देरासराचा भंडार उघडला जातो तेव्हा त्यात कधी कधी जुनी नाणी निघतात. वृद्ध श्राविका घरातली जपलेली नाणी श्रद्धेने वाहतात. ती मोडीत जाण्यापूर्वी एकदा जाणकारांच्या नजरेखालून जावीत. देवद्रव्याचा एक पैसाही इकडचा तिकडे होता कामा नये, हे मी जाणतो. म्हणून ज्या नाण्याचे मोल धातूपेक्षा अधिक ठरेल त्याचे पूर्ण मोल भंडारात जमा व्हावे आणि मगच ते हलावे. मंडळातील दोघे जण हे काम विनामूल्य करण्यास तयार आहेत. मोजणीच्या वेळी विश्वस्त समोर असावेत, अशी त्यांचीच अट आहे.

दुसरी गोष्ट युवकांसाठी. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त भारत सरकारने २००१ साली पाच रुपयांचे नाणे काढले होते. त्या काळी ते गल्ल्यात येत असे. पुढे आचार्य तुलसी, श्रीमद् राजचंद्र, आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी यांच्या नावे नाणी निघाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये २५५० व्या निर्वाण वर्षानिमित्त शंभर रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. एवढी चार-पाच नाणी आणि त्यांची माहिती जमवून येत्या महावीर जन्मकल्याणकाला पाठशाळेच्या मुलांनी एक मेज मांडावे. खर्च अल्प आहे. मेजाच्या कोपऱ्यात माझा अंकुशी रुपया ठेवावयास मी देईन. आणि माझा १९३९ चा रुपयाही.

घरी गेल्यावर पूजेचा डबा, जुनी तिजोरी, आजीचा बटवा एकदा उघडून पाहावा. काही निघाले तर घासू नये, विकू नये. कागदाच्या पाकिटात घालून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता ट्रस्टच्या खालच्या दालनात आणावे. विश्वस्तांनी ते दालन या कामासाठी देऊ केले आहे. मी भिंग घेऊन बसलेला असेन आणि मजपेक्षा जाणते असे दोघे-तिघे सोबत असतील.

बोलण्यात काही उणेअधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्‌. जय जिनेंद्र.